शेजारच्या खुर्चीचं काम

गणपतीची आरती झाली, प्रसादाच्या रांगेत उभी होते आणि पुन्हा तेच वाक्य कानावर आलं. "अगं, मुलाच्या शेजारी नुसतं बसायचं तर असतं, त्याला कसला आलाय कोर्स?"

मी इंग्लंडमधल्या एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. शाळेची वेळ आणि घरची वेळ जुळते म्हणून इकडे आलेल्या कितीतरी मराठी बायका हे काम धरतात. त्यामुळे हे वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकते, शेजाऱ्यांकडून ऐकते, आणि वाईट याचं वाटतं की याच कामातल्या मैत्रिणींकडूनही ऐकते. या वेळी निमित्त होतं स्पेशालिस्ट टीचिंग असिस्टंटच्या अप्रेंटिसशिपचं. लेव्हल 3 ची साधी अप्रेंटिसशिप आधीपासून होतीच. त्यावरची ही लेव्हल 5 ची अलीकडेच आली. एक जण ती करायची का म्हणून विचारत होती आणि बाकीच्या तिला वेड्यात काढत होत्या.

नुसतं बसण्याचा परिणाम काय होतो हे इंग्लंडमध्ये मोजून झालं आहे. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधले पीटर ब्लॅचफर्ड आणि त्यांचे सहकारी 2003 पासून काही वर्षं शाळांमधल्या असिस्टंटच्या कामाचा अभ्यास करत होते. 2009 मध्ये निष्कर्ष आले. सुमारे 8,200 मुलांची इंग्रजी, गणित आणि विज्ञानातली प्रगती तपासली, तर ज्यांना असिस्टंटची मदत सगळ्यात जास्त मिळत होती तीच मुलं तुलनेने कमी पुढे गेली होती.

यावर लगेच उत्तर येतं: "ती मुलं मुळातच मागे असणार." संशोधकांना हे सुचलं नसेल का? मुलांची आधीची पातळी, त्यांच्या विशेष गरजा हे सगळं हिशेबात धरूनच तो निष्कर्ष निघाला होता. मग असिस्टंट बायका कामचुकार होत्या का? तसंही नाही. अहवालाने दोष त्यांना दिलाच नाही. त्यांना पुरेसं शिकवलेलं नव्हतं, तासाआधी वर्गशिक्षकांशी बोलायला वेळ नव्हता, आणि वर्गातल्या सगळ्यात अवघड मुलांजवळ सगळ्यात कमी तयारीचं माणूस बसवलेलं होतं. मूल शिक्षकांपासून तुटत होतं, सोबत्यांपासूनही तुटत होतं.

वर्गातलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. शिक्षक संकल्पना समजावत होते, असिस्टंटचा ओढा मात्र हातातलं काम पुरं करून घेण्याकडे होता. तास संपेपर्यंत वही भरली पाहिजे, म्हणून उत्तरं नकळत असिस्टंटच्याच तोंडून जात होती. सुरुवातीची काही वर्षं मीही हेच केलं. मूल अडलं की मला बघवायचं नाही.

समजा, 12 चा पाऊण भाग काढायचा आहे आणि मूल पेन्सिल चावत बसलं आहे. प्रशिक्षण सांगतं, आधी थांबा. पाच सेकंद, दहा सेकंद. हे वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे. मग नुसतं ढकला: "पुढे काय करायचं ठरलं होतं?" तरी अडलं तर खूण द्या: "आधी पाव भाग काढून बघू या का?" तेही जमलं नाही तर दुसरं गणित, समजा 8 चा पाऊण भाग, त्याच्यासमोर स्वतः करून दाखवा आणि मूळ गणित त्याच्या हाती परत द्या. 9 हे उत्तर आपण सांगणं ही सगळ्यात शेवटची पायरी. आपल्यापैकी बहुतेक जण मात्र तिथूनच सुरुवात करतात.

या पद्धतीचं इंग्रजी नाव स्कॅफोल्डिंग, म्हणजे परांची. वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी 1976 मध्ये शिकवण्याच्या संदर्भात तो शब्द वापरला. परांची काढून घेण्यासाठीच बांधतात. ती कधी, किती आणि कोणत्या बाजूने काढायची हे नुसतं मायेने कळत नाही. ऑटिझम असलेल्या मुलाला सूचना तोंडी देण्याऐवजी चित्रांतून कशी द्यावी, घाबरलेलं मूल टेबलाखाली शिरलं तर आपण किती कमी बोलावं, वाचनात मागे पडलेल्या मुलाचं नेमकं अडतंय कुठे, हेही कळत नाही. स्पेशालिस्ट अप्रेंटिसशिपला शाखा आहेत त्या यासाठी: विशेष शैक्षणिक गरजा आणि अपंगत्व, सामाजिक-भावनिक स्वास्थ्य, किंवा एखादा अभ्यासविषय.

प्रशिक्षणाने फरक पडतो का, असं विचाराल, तर त्याचीही नोंद आहे. एज्युकेशन एन्डाउमेंट फाउंडेशन ही संस्था शाळांसाठी असे पुरावे गोळा करते. तयार केलेल्या असिस्टंटनी ठरलेला कार्यक्रम एकेका मुलाबरोबर किंवा छोट्या गटाबरोबर घेतला, की मुलं सरासरी चार महिन्यांची जादा प्रगती करतात, असं ती सांगते. हे तास छोटे असतात, आठवड्यातून 3 ते 5 वेळा आणि काही आठवडे सलग होतात. दिवसभर कोपराला कोपर लावून बसणं त्यात येत नाही.

म्हणून पालकांनाही हात जोडून सांगते. मुलाच्या ईएचसी प्लॅनमध्ये, म्हणजे विशेष गरजांसाठीच्या अधिकृत आराखड्यात, किती तास मंजूर झाले यासाठी तुम्ही जिवाचं रान करता, ते केलंच पाहिजे. पण त्या तासांत कोण बसणार, ती काय शिकलेली आहे आणि वर्गशिक्षिकेशी ती कधी बोलते, हेही विचारा. असिस्टंट दिली म्हणजे शिक्षिकेची जबाबदारी संपली, असंही कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. 2015 ची विशेष गरजांविषयीची सरकारी आचारसंहिता स्पष्ट सांगते की मुलाच्या प्रगतीचं उत्तरदायित्व वर्गशिक्षकांचंच राहतं.

आता बाकीचे गैरसमज.

"अप्रेंटिस म्हणजे आयटीआयची पोरं." आपल्याकडे हा शब्द रेल्वेच्या नाहीतर एसटीच्या वर्कशॉपमधून आला, म्हणून तसं वाटतं. इंग्लंडमध्ये अप्रेंटिसशिपला वयाची वरची मर्यादा नाही. चाळिशीतल्या, पदवीधर बाईलाही करता येते, फक्त त्यातून तिला खरंच नवं काही शिकायला मिळालं पाहिजे. लेव्हल 5 म्हणजे बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हलपेक्षा दोन पायऱ्या वर आणि पूर्ण पदवीच्या एक पायरी खाली.

"फी परवडणार नाही." फी उमेदवाराने भरायचीच नसते. ज्यांचा वर्षाचा पगारखर्च 30 लाख पौंडांच्या वर आहे, अशा नोकरी देणाऱ्यांकडून 2017 पासून 0.5 टक्के कर घेतला जातो आणि प्रशिक्षणाचा पैसा त्यातून येतो. कौन्सिलच्या शाळा छोट्या असल्या तरी तिथे मालक कौन्सिल असते, म्हणून त्यांनाही तो वापरता येतो.

"फुकट राबवून घेतात." नोकरीचा करार आणि पगार असल्याशिवाय अप्रेंटिसशिप होतच नाही, आणि अभ्यासाचे तास पगारी वेळेतच धरावे लागतात. पगार तुटपुंजा असतो आणि बहुतेक असिस्टंटना तो शाळेच्या आठवड्यांपुरताच मिळतो, हे मात्र खरं आहे आणि अन्यायाचं आहे. इंग्लंडच्या सरकारी शाळांत पूर्णवेळाच्या हिशेबाने सुमारे 2 लाख 80 हजार असिस्टंट आहेत. त्यांच्याशिवाय एक दिवस शाळा चालवून बघावी.

"हे केलं की टीचर होता येतं." नाही. शिक्षक म्हणून मान्यतेला पदवी लागते. नोकरी करता करता पदवी आणि ती मान्यता दोन्ही देणारी अप्रेंटिसशिप वेगळी आहे, ती लेव्हल 6 ची.

"दाखला घेऊन पुण्याला परत जाऊ." अनुभव नक्की उपयोगी पडेल, पण भारतात विशेष शिक्षक म्हणून काम करायला 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती या दाखल्याने मिळत नाही.

"व्हिसावर आहोत, आपल्याला नाही मिळणार." काम करायची परवानगी असेल तर सरसकट नकार नाही, पण सरकारी पैशासाठी साधारणपणे 3 वर्षांचं वास्तव्य बघतात. तारीख मोजून ठेवा.

रांगेतल्या त्या मैत्रिणीने शेवटी विचारलं, अर्ज कुठल्या कॉलेजात करू? अर्ज कॉलेजात करायचाच नसतो. मुख्याध्यापकांकडे आणि विशेष गरजा बघणाऱ्या सेन्कोकडे जायचं, कारण नाव शाळाच नोंदवते. जाताना दोन गोष्टी लेखी मागायच्या: आठवड्यातले अभ्यासाचे तास नक्की कोणते, आणि ती ज्या मुलाला मदत करते त्याच्याजवळ त्या वेळात वर्गात कोण असणार.