इंग्रजी येत असताना आणखी एक परकीय भाषा का आणि कशी शिकावी?

उद्दिष्टे

हे टिपण वाचल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता याव्यात:

- जागतिक कामकाजात इंग्रजी कुठे पुरते आणि कुठे अपुरी पडते, हे सांगणे.
- परकीय भाषेची एक पातळी गाठायला किती वेळ लागतो, याचा हिशेब करणे.
- जर्मन किंवा जपानी शिकताना मराठीचा आधार घेणे.

१. प्रश्न कुठून आला?

महादेवपुरा हा बंगळूरच्या पूर्वेचा भाग. व्हाइटफील्ड आणि तिथले आयटीपीएल याच पट्ट्यात येतात. आयटीपीएल हे भारत आणि सिंगापूर यांच्या सहकार्यातून १९९० च्या दशकात उभे राहिलेले तंत्रज्ञान-संकुल आहे. एसएपी आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांची मोठी संशोधन-विकास केंद्रे याच परिसरात आहेत. इथे अभियांत्रिकी शिकवताना सत्राच्या सुरुवातीला, ऐच्छिक विषय निवडायची वेळ आली की दोन प्रकारचे विद्यार्थी भेटतात.

पहिला म्हणतो, "मॅडम, मीटिंग इंग्रजीत, ईमेल इंग्रजीत, कोडमधल्या कमेंटसुद्धा इंग्रजीत. मग जर्मन घेऊन काय करू?" दुसरा विचारतो, "जर्मनचे सर्टिफिकेट मिळाले की जर्मनीत नोकरी पक्की ना?"

दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे माहीत नसल्यामुळे पहिल्याची संधी जाते, तर दुसऱ्याचे पैसे आणि उमेद दोन्ही जातात.

२. इंग्रजी कुठपर्यंत पुरते?

त्यासाठी कामाचे दोन भाग पाडून पाहू. एक, पडद्यावरचे काम: प्रोग्रामिंग, चाचणी, रचना, संशोधन-लेख. इथे इंग्रजी बहुतेक वेळा पुरते. दुसरे, माणसांत जाऊन करायचे काम: ग्राहकाची अडचण ऐकणे, कारखान्यात यंत्र बसवणे, रुग्णाची सेवा करणे, सरकारी कार्यालयात कागद भरणे. इथे समोरच्याची भाषा लागते.

याचे चांगले उदाहरण महाराष्ट्रातच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केला. परिचारिका, वीजतंत्री, चालक अशा व्यवसायांचा त्यात विचार आहे आणि निवडलेल्या तरुणांना जर्मन शिकवणे हा योजनेचा भाग आहे. जपाननेही एप्रिल २०१९ पासून ‘विशिष्ट कुशल कामगार’ हा व्हिसा सुरू केला. त्यासाठी सर्वसाधारणपणे जपानी भाषेची एन-४ पातळी किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा द्यावी लागते. म्हणजे सॉफ्टवेअर अभियंत्याला जी सूट मिळते, ती परिचारिकेला आणि वीजतंत्र्याला मिळत नाही.

पण अभियंत्याची सूटही अर्धवटच आहे. जर्मनीत युरोपियन युनियनचे ‘ब्लू कार्ड’ मिळवण्यासाठी जर्मन येणे ही अट नाही. कायम वास्तव्याचा परवाना मागताना मात्र भाषा मोजली जाते: ए-१ पातळीची जर्मन असेल तर २७ महिन्यांनी अर्ज करता येतो, बी-१ असेल तर २१ महिन्यांनी. १ जून २०२४ पासून सुरू झालेल्या ‘संधी कार्डा’साठी किमान ए-१ जर्मन किंवा बी-२ इंग्रजी लागते. हे नियम बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर ते पुन्हा पाहावेत. एवढे खरे की इंग्रजीने दार उघडते, पण आत मुक्काम करायचा तर घरातली भाषा लागते.

पडद्यावरच्या कामातही दुसरी भाषा लपलेली असते. एसएपी ही कंपनी १९७२ मध्ये जर्मनीत स्थापन झाली. तिच्या प्रणालीतील अनेक रकान्यांची नावे आजही जर्मन शब्दांची लघुरूपे आहेत. ‘कुननर’ म्हणजे कुंडेननुमर, ग्राहक क्रमांक. ‘लिफनर’ म्हणजे लीफेरांटेननुमर, पुरवठादाराचा क्रमांक. ‘वेर्क्स’ म्हणजे वेर्क, कारखाना. व्हाइटफील्डमध्ये हे शब्द रोज टाइप करणारे अनेक जण ते निरर्थक संकेत समजून पाठ करतात. थोडी जर्मन येणाऱ्याला ते वाचता येतात.

३. किती वेळ लागतो?

युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीनुसार भाषेच्या सहा पातळ्या आहेत: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. जर्मनसाठी गोएथे संस्थेचा (भारतात ती माक्स म्युलर भवन म्हणून ओळखली जाते) अंदाज असा आहे:

- ए-१: ४५ मिनिटांच्या सुमारे ८० ते २०० तासिका
- बी-१: एकूण सुमारे ३५० ते ६५० तासिका
- बी-२: एकूण सुमारे ६०० ते ८०० तासिका

आता आपला हिशेब करू. दोन श्रेयांकांचा ऐच्छिक विषय म्हणजे आठवड्याला २ तास. सत्राचे १५ आठवडे धरले तर ३० तास होतात, म्हणजे ४५ मिनिटांच्या ४० तासिका. ए-१ ची खालची मर्यादा ८० तासिका आहे. म्हणजे एका सत्रात ए-१ चा जेमतेम अर्धा टप्पा होतो. आठही सत्रे हा विषय घेतला तरी ३२० तासिका होतात आणि बी-१ ची खालची मर्यादा ३५० आहे.

हा हिशेब न केल्यामुळे काय होते, ते मी पाहिले आहे. एका विद्यार्थ्याने एका सत्राच्या प्रमाणपत्रावर बायोडेटात ‘जर्मन: कामापुरते ज्ञान’ असे लिहिले. मुलाखत घेणाऱ्याने सहज जर्मनमध्ये विचारले, "तुम्ही कुठे राहता आणि तिथे कसे पोहोचता?" मुलाला पहिल्या वाक्यापुढे जाता आले नाही. त्याचे तांत्रिक ज्ञान उत्तम होते, पण त्या एका ओळीमुळे त्याच्या बाकीच्या ओळींवरही शंका घेतली गेली. ‘एक सत्र, प्राथमिक ओळख’ असे लिहिले असते तर तीच गोष्ट जमेची ठरली असती.

जपानीच्या बाबतीत आणखी एक खबरदारी. जपानी भाषा क्षमता परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत असते आणि भारतात ती जुलै व डिसेंबरमध्ये होते. या परीक्षेत बोलण्याचा भाग नाही. त्यामुळे परीक्षा उत्तीर्ण होणे आणि बोलता येणे ही दोन वेगळी कामे समजावीत.

वर्गातले तास कमी पडतात, ते घरच्या अभ्यासाने भरून काढता येतात. रोज अर्धा तास म्हणजे वर्षाला सुमारे १८० तास. चार वर्षांत हा आकडा ७०० च्या पुढे जातो. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास अधिक उपयोगी पडतो, कारण भाषा मुख्यतः पुन्हा पुन्हा आठवण्याने पक्की होते.

४. मराठीचा हात धरून शिका

आपल्याकडे परकीय भाषा बहुधा इंग्रजी पाठ्यपुस्तकातून शिकवली जाते. त्यामुळे विद्यार्थी मनात इंग्रजी वाक्य तयार करतो आणि मग त्याचे जर्मन करतो. यात वळसा पडतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना जर्मनसाठी सुमारे ३६ आठवडे आणि जपानीसाठी ८८ आठवडे देते. पण इंग्रजी भाषकाला जे अवघड जाते, ते सगळे मराठी भाषकाला अवघड जाईलच असे नाही.

*जर्मन.* इंग्रजीत नामांना व्याकरणिक लिंग नाही. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत: डेर, डी, डास. मराठीतही तीनच: तो, ती, ते. ‘डास किंड’ म्हणजे ‘ते मूल’, ‘डास बूख’ म्हणजे ‘ते पुस्तक’. मात्र प्रत्येक शब्दाचे लिंग जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये. आपली वही स्त्रीलिंगी, तर जर्मन ‘हेफ्ट’ नपुंसकलिंगी. ‘ते पुस्तक, पण ती वही’ असे का, हे आपण कधी विचारले नाही, शब्दासोबतच उचलले. जर्मन शब्दही तसाच उपपदासह पाठ करावा.

‘मला पुस्तक आवडते’ या वाक्यात आवडणारी वस्तू कर्ता आहे आणि माणूस चतुर्थीत आहे. जर्मनमध्येही ‘डास बूख गेफेल्ट मीर’ या वाक्याची रचना अशीच आहे. ‘मीर’ म्हणजे ‘मला’. इंग्रजीतून गेलात तर ‘मी’ कर्ता होतो आणि चूक होते. ‘कारण मी आजारी आहे’ याचे जर्मन ‘वाइल इश क्रांक बिन’. शब्दांचा क्रम अगदी तोच. पंचवीस हा आकडाही आपल्यासारखाच, आधी पाच मग वीस. जर्मन ‘त्साइट’ शब्दाचा पहिला उच्चार ‘चमचा’तल्या ‘च’सारखा आहे. साध्या मुख्य वाक्यात मात्र जर्मन क्रियापद दुसऱ्या जागी येते. तिथे मराठीचा उपयोग नाही, सरावच हवा.

*जपानी.* वाक्याचा क्रम कर्ता, कर्म, क्रियापद, आणि विभक्तीचे काम करणारे शब्द नामानंतर. ‘तोक्यो नि इकिमासु’ म्हणजे ‘टोकियोला जातो’. ‘कारा’ म्हणजे ‘पासून’, ‘मादे’ म्हणजे ‘पर्यंत’. ‘ताबेते मिमासु’ शब्दशः ‘खाऊन बघतो’, आणि अर्थही तोच: चव घेऊन बघणे. हिरागाना लिपीचा क्रम आ-इ-उ-ए-ओ आणि पुढे का-सा-ता-ना असा जातो, कारण त्यावर संस्कृत वर्णमालेचा प्रभाव आहे. अडचण कांजी या चित्रलिपीची. नित्य वापराच्या अधिकृत यादीत २,१३६ चिन्हे आहेत आणि त्यांना रोजच्या लेखनसरावाशिवाय पर्याय नाही.

५. आधी शेजारची भाषा

या चर्चेत एक भाषा नेहमी विसरली जाते. कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कन्नड न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ‘बळके कन्नड’, म्हणजे वापरातली कन्नड, हा एका श्रेयांकाचा विषय आहे. बाहेरून आलेली बरीच मुले तो ‘काढून टाकायचा पेपर’ समजतात. चार वर्षे महादेवपुऱ्यात राहून त्यांना रिक्षावाल्याशी धड बोलता येत नाही, आणि तीच मुले जर्मनीत स्थानिकांत मिसळण्याची स्वप्ने पाहतात.

परकीय भाषा शिकण्याची सवय लावायला कन्नडइतकी सोयीची प्रयोगशाळा नाही. भोवती भाषा फुकट ऐकू येते आणि चुकलो तर लोक हसून दुरुस्त करतात. मराठी भाषकाला तर रचनाही ओळखीची: ‘ननगे नीरु बेकु’ म्हणजे ‘मला पाणी हवे’, शब्दाला शब्द. उलट दिशेने असा प्रवास केलेला एक माणूस बंगळूर अजून विसरलेले नाही. जर्मन मिशनरी फर्डिनांड किट्टेल कर्नाटकात आला, कन्नड शिकला आणि १८९४ मध्ये त्याचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. शहरात त्याचा पुतळा आहे.

६. निवड करताना

- आधी काम ठरवा, मग भाषा. केवळ ‘स्कोप आहे’ म्हणून भाषा निवडू नका.
- एकच भाषा निवडा आणि किमान दोन वर्षे टिकवा. तीन भाषांचे ए-१ मिळून एक बी-१ होत नाही.
- शुल्क भरण्यापूर्वी विचारा: एकूण तासिका किती? शेवटी कोणती मान्यताप्राप्त परीक्षा देता येईल?
- बायोडेटात पातळी खरी लिहा.

सारांश

इंग्रजीचा प्रसार ही वस्तुस्थिती आहे आणि ती आपल्या फायद्याची आहे. पण सर्वांनाच इंग्रजी येत असेल तर ती पात्रता ठरते, वेगळेपण नाही. दुसरी परकीय भाषा वेळ मागते. तो वेळ मोजून द्यावा. ती शिकताना मातृभाषा अडसर नसून शिडी आहे.

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयातील परकीय भाषेच्या विषयाच्या एकूण तासिका काढा आणि त्या कोणत्या पातळीपर्यंत पोहोचवतात ते लिहा.
२. तुमच्या शाखेच्या परदेशातील पाच नोकरीच्या जाहिराती वाचा. प्रत्येकीत कोणती भाषा, कोणत्या पातळीची मागितली आहे, याचा तक्ता करा.
३. ‘मला थंडी वाजते’ हे वाक्य इंग्रजीत आणि तुम्ही शिकत असलेल्या भाषेत लिहा. प्रत्येक वाक्यातील कर्ता शोधा.
४. तुम्ही शिकायला आलेल्या राज्याची भाषा तुमची नसेल, तर एक आठवडा कँटीनमध्ये फक्त तीच भाषा वापरा. कुठे अडलात ते टिपून ठेवा.