पुरवठ्याची साखळी आणि तिची नोंदवही

एका मोटारगाडीत लहानमोठे मिळून सुमारे ३०,००० सुटे भाग असतात. जिचे नाव गाडीवर झळकते ती कंपनी यांतील थोडेच भाग स्वतः तयार करते. बाकीचे शेकडो पुरवठादारांकडून येतात. हे पुरवठादार आपल्या गरजेच्या वस्तू दुसऱ्यांकडून घेतात, ते दुसरे तिसऱ्यांकडून, आणि अशा रीतीने हा क्रम पोलाद, रबर, रंगद्रव्ये व सिलिकॉन यांपर्यंत खाली जातो. यालाच पुरवठ्याची साखळी असे म्हणतात. हा शब्द थोडा फसवा आहे. साखळीतील कडीमागून येणारी कडी डोळ्यांना दिसते; येथे मात्र झाडाच्या मुळांसारखा गुंता असून त्याचा बराचसा भाग जमिनीखालीच राहतो. तो दिसावा आणि आवरता यावा, म्हणून उद्योगांनी संगणकाचा आधार घेतला. या आधाराने काय साधले व कोणते नवे संकट ओढवले, हे समजून घेण्यासाठी जपानमधील टोयोटा या कंपनीचा अनुभव विशेष उपयोगी पडतो. कारण साठा कमीत कमी ठेवून उत्पादन करण्याची पद्धत प्रथम तिच्याच कारखान्यांत रुजली आणि त्या पद्धतीची कसोटीही तेथेच वारंवार लागली.

ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात आकाराला आली. ताइइची ओनो या अभियंत्याने तिला निश्चित रूप दिले. तिचे साधन अगदी साधे होते. सुट्या भागांच्या प्रत्येक पेटीबरोबर एक चिठ्ठी असे. तिला कानबान म्हणत. पेटीतील माल वापरण्यास सुरुवात झाली की ती चिठ्ठी काढून मागच्या विभागाकडे अथवा पुरवठादाराकडे धाडली जाई. ती चिठ्ठी हीच नव्या मालाची मागणी. जेवढे वापरले तेवढेच मागवावयाचे, आणि तेही लागेल त्याच वेळी. गोदामात माल पडून राहिला नाही म्हणजे त्यात भांडवल अडकत नाही, हा याचा उघड लाभ होय. पण या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांना दुसरा लाभ अधिक मोलाचा वाटे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेले की तळातील गाळ दिसू लागतो. त्याचप्रमाणे साठा कमी झाला की कामातील दोष उघडे पडतात, आणि ते सुधारण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पुढे कागदी चिठ्ठीची जागा संगणकावरून जाणाऱ्या संदेशाने घेतली. मागणी काही क्षणांत पुरवठादारापर्यंत पोहोचू लागली.

पाणी कमी असण्याचा दुसरा अर्थ १ फेब्रुवारी १९९७ रोजी ध्यानात आला. त्या दिवशी पहाटे आइची प्रांतातील कारिया येथे आयसिन सेइकी या कंपनीच्या एका कारखान्याला आग लागली. मागील चाकांच्या ब्रेकवर पडणारा दाब नियंत्रित करणारी एक लहानशी झडप तेथे तयार होत असे. झडप मुठीत मावेल एवढी आणि किमतीला स्वस्त. परंतु टोयोटाला लागणाऱ्या अशा झडपांपैकी जवळजवळ सर्वच त्या एका कारखान्यातून येत, आणि साठा होता फार तर दोन-तीन दिवसांचा. दिवसाला सुमारे १५,००० मोटारी तयार करणारे कारखाने काही दिवसांतच एकापाठोपाठ एक थांबत गेले. ब्रेकवाचून गाडी विकता येत नाही, मग तिचे इतर सर्व भाग हजर असले तरी त्यांचा उपयोग काय?

यानंतर जे घडले त्याचा औद्योगिक व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी पुढे बारकाईने अभ्यास केला. आयसिनने झडपेची रेखाचित्रे आसपासच्या कारखान्यांना देऊन टाकली. साठाहून अधिक कंपन्यांनी प्रत्यक्ष झडपा बनविण्याचे काम हाती घेतले आणि त्यांना साहाय्य करणाऱ्या इतर कंपन्यांची संख्या याहूनही मोठी होती. ब्रदर ही शिवणयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेली कंपनीही त्यांत होती. मोटारीचे भाग करण्याचा तिला अनुभव नव्हता. झडपेसाठी खास घडविलेली यंत्रे जळून गेली होती. तेव्हा प्रत्येकाने आपल्याजवळच्या सर्वसाधारण यंत्रांवर जुगाड करून, कारागिरांच्या हातच्या कौशल्यावर भिस्त ठेवून काम सुरू केले. दराचा करार कोणी आधी मागितला नाही. काही दिवसांतच पहिल्या झडपा आल्या आणि सुमारे दहा दिवसांत उत्पादन बहुतेक पूर्ववत झाले. या यशाचे श्रेय संगणकाला देता येणार नाही. ही माणसे एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखत होती, त्यांचे कारखाने एकमेकांपासून फार दूर नव्हते आणि कोणाजवळ कोणते यंत्र आहे हे त्यांना तोंडपाठ होते.

हे तोंडपाठ ज्ञान किती खोलवर जाते याची परीक्षा ११ मार्च २०११ रोजी झाली. ईशान्य जपानला ९.० तीव्रतेच्या भूकंपाचा आणि पाठोपाठ त्सुनामीचा तडाखा बसला. मनुष्यहानी फार मोठी होती, आणि तिच्यापुढे कारखान्यांचे नुकसान गौण होय. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न झाली. तोवर समजूत अशी होती की पुरवठ्याची रचना पिरॅमिडसारखी असते: वर एक कंपनी, खाली काही मोठे पुरवठादार, त्यांच्या खाली अनेक लहान, आणि तळाशी असंख्य. म्हणजे तळाशी कोणी एक निकामी झाला तर दुसरा सापडेलच. प्रत्यक्षात तपास करता कित्येक वस्तूंच्या बाबतीत ही रचना पिंपासारखी निघाली. मध्ये रुंद आणि तळाशी पुन्हा अरुंद. दोन निरनिराळ्या पुरवठादारांकडून माल घेऊन आपण सुरक्षित आहोत असे वर बसलेल्या कंपनीला वाटत होते. पण ते दोघेही खाली एकाच कारखान्याच्या दारात उभे होते.

इबाराकी प्रांतातील हिताचिनाका येथील रेनेसास कंपनीचा नाका कारखाना हे याचे ठळक उदाहरण. मोटारीचे इंजिन, ब्रेक इत्यादींवर लक्ष ठेवणाऱ्या सूक्ष्मनियंत्रक चिपा तेथे तयार होत आणि जगातील अनेक मोटार कंपन्या त्यांवर अवलंबून होत्या. झडपेचे रेखाचित्र शिवणयंत्रवाल्याला देता आले. चिपेचे तसे करता येत नाही. ती धूळरहित दालनात, शेकडो क्रियांमधून, कित्येक आठवडे घेऊन तयार होते. तेव्हा मोटार कंपन्यांनी उलटा मार्ग धरला. आपलीच माणसे मोठ्या संख्येने त्या कारखान्याच्या दुरुस्तीला धाडली. काम रात्रंदिवस चालले, आणि १ जून २०११ रोजी तेथे काही प्रमाणात उत्पादन पुन्हा सुरू झाले. फुकुशिमा प्रांतातील ओनाहामा येथे मर्क या जर्मन कंपनीच्या कारखान्यात तयार होणाऱ्या एका चकाकत्या रंगद्रव्याची कथाही अशीच. ते जगात दुसरीकडे कोठेही तयार होत नव्हते, म्हणून दूर अमेरिकेत फोर्ड कंपनीला काही काळ्या व लाल छटांच्या गाड्यांची मागणी घेणे काही काळ थांबवावे लागले.

टोयोटाने या अनुभवानंतर एक संगणकीय नोंदवही उभारली. कोणता भाग कोणाकडून येतो, तो पुरवठादार आपला माल कोठून घेतो, त्याचा कारखाना नेमका कोणत्या गावी आहे, हे थराथराने तिच्यात नोंदलेले असते. एखाद्या ठिकाणी भूकंप अथवा पूर आला की त्या भागातील कोणते कारखाने व त्यांच्यामार्फत कोणते सुटे भाग अडचणीत येतील, हे पूर्वी कित्येक दिवसांनी कळे. ते आता थोडक्या वेळात कळू लागले. वाचावयास हे सोपे वाटते. परंतु या नोंदवहीतील अवघड भाग संगणकाचा नसून विश्वासाचा असतो. आपण कच्चा माल कोठून घेतो हे सांगणे म्हणजे लहान कारखानदाराच्या दृष्टीने धंद्याचे गुपित उघड करणे होय. उद्या ही मोठी कंपनी आपल्याला वगळून थेट तेथेच गेली तर? किंवा आपला नफा किती हे ताडून तिने दर पाडून मागितला तर? ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही, आणि जेथे ती दूर झालेली नाही तेथील नोंदवहीत कोऱ्या जागा राहतात.

नोंद असली तरी तिचे करावयाचे काय, याचे उत्तर मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील डेव्हिड सिम्ची-लेव्ही यांनी फोर्ड कंपनीसाठी केलेल्या कामातून मिळते. भूकंप केव्हा होईल, आग कोठे लागेल याचे भाकीत करण्याच्या फंदात त्यांनी पडायचे नाकारले. त्यांनी दोनच गोष्टी मोजल्या. एखादा कारखाना बंद पडला तर तो पुन्हा सुरू होण्यास किती काळ लागेल, हा पहिला अवधी. आणि त्याच्यावाचून बाकीची साखळी हाती असलेल्या साठ्यावर किती काळ तग धरेल, हा दुसरा. पहिला अवधी दुसऱ्याहून मोठा असेल तेथे धोका आहे. कारण कोणते का असेना. या गणिताचा निष्कर्ष व्यवस्थापकांना चकित करणारा होता. ज्यांच्यावर सर्वाधिक पैसा खर्च होतो त्या पुरवठादारांवर सर्वांची नजर असते. खरा धोका मात्र पुष्कळदा स्वस्त, क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंच्या पुरवठादारांपाशी आढळला. कारियाच्या झडपेचे उदाहरण पाहिलेल्यांना याचे आश्चर्य वाटू नये.

साठा हा शत्रू आहे असे मानणाऱ्या टोयोटानेही चिपांच्या बाबतीत आपला नियम शिथिल केला. पुरवठादारांनी दोन ते सहा महिने पुरतील इतक्या चिपा बाळगाव्यात, अशी व्यवस्था तिने केली. २०२१ च्या आरंभी जगभर चिपांचा दुष्काळ पडला व इतर कंपन्यांचे कारखाने थांबू लागले, तेव्हा टोयोटाचे काम बऱ्याच प्रमाणात चालू राहिले ते यामुळेच. तथापि दुष्काळ लांबला, त्यातच आग्नेय आशियातील कारखाने कोविडच्या साथीमुळे बंद पडले, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरचे जागतिक उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी घटवावे लागेल असे तिला जाहीर करावे लागले. तग धरण्याचा अवधी वाढविता येतो. अमर्याद करता येत नाही.

येथवरची संकटे आग, भूकंप, साथ अशी होती, आणि संगणक त्यांवरील उपाय होता. २०२२ मध्ये संगणकच संकटाचे द्वार ठरला. टोयोटाला मोटारीच्या आतील प्लॅस्टिकचे भाग पुरविणाऱ्या कोजिमा या कंपनीच्या यंत्रणेत २६ फेब्रुवारीच्या रात्री बिघाड आढळला. तपासणीत संगणकाच्या पडद्यावर खंडणीची मागणी दिसली. कोणी अज्ञात इसमांनी आत शिरून तेथील माहिती कुलूपबंद केली होती. कोजिमाच्या एका उपकंपनीत बाहेरील एका कंपनीशी दूरवरून संपर्क साधण्यासाठी जे उपकरण बसविले होते, त्यातील उणिवेतून त्यांनी शिरकाव केल्याचे पुढे निष्पन्न झाले. नुकसान पसरू नये म्हणून कोजिमाने बाहेरील सर्व संगणकीय संपर्क तोडला. हा निर्णय योग्यच होता, पण त्याबरोबर टोयोटाकडून येणारी मागणीही बंद झाली. कोजिमाची यंत्रे शाबूत होती, कामगार हजर होते. किती भाग, कोणते, कोठे धाडावयाचे हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते. १ मार्च रोजी टोयोटाचे जपानमधील सर्व १४ कारखाने व त्यांतील जुळणीचे २८ पट्टे थांबले. सुमारे १३,००० गाड्यांचे उत्पादन बुडाले. तात्पुरती पर्यायी व्यवस्था उभारून दुसऱ्या दिवशी काम सुरू करण्यात आले.

कागदी चिठ्ठीच्या काळात असे घडणे कठीण होते. चिठ्ठी हरवली तर एक पेटी अडते, सबंध कंपनी अडत नाही. म्हणून कागदाकडे परत जावे असे कोणी म्हणणार नाही. आजच्या मागण्यांची संख्या व वेग कागदाच्या आवाक्यातील नव्हे. परंतु संपर्क तुटला तरी निदान काही दिवसांच्या मागणीची यादी पुरवठादारापाशी असावी, माहितीची एक प्रत जाळ्यापासून पूर्णपणे अलग ठेवावी आणि त्या प्रतीवरून काम खरोखर सुरू करता येते की नाही हे अधूनमधून करून पाहावे, एवढे तरी करता येते. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत अधिक टाळली जाते. शिवाय हा खर्च कोणी सोसावा हा प्रश्न आहेच. मोठी कंपनी सुरक्षिततेचे नियम पत्रकाने कळविते. पन्नास माणसांच्या कारखान्यात संगणकाचा जाणकार बहुधा एकही नसतो. नियम पाळण्याची सक्ती करावयाची आणि दर मात्र पूर्वीचाच ठेवावयाचा, यातून नियम कागदावर पाळले जातात, इतकेच.

पुढील वर्षीची घटना याहूनही बोधप्रद आहे, कारण तिच्यात शत्रू कोणीच नव्हता. २७ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाच्या सुट्या भागांच्या मागणीची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेत नेहमीची देखभाल चालू होती. साचलेली जुनी माहिती काढून टाकून उरलेली नीट लावण्याचे हे काम. ते चालू असता साठवणुकीची जागा अपुरी पडली आणि यंत्रणा बंद झाली. अशा प्रसंगासाठी पर्यायी संगणक सज्ज होतेच. पण तेही त्याच यंत्रणेवर चालत असल्याने त्यांच्यातही तोच बिघाड झाला, आणि काम त्यांच्याकडे वळविता आले नाही. तळाशी एकाच दारात उभ्या असलेल्या त्या दोन पुरवठादारांसारखीच ही स्थिती होती; फरक एवढाच की हे दार कंपनीच्या स्वतःच्या घरातील होते. २९ ऑगस्ट रोजी जपानमधील तिचे सर्व १४ कारखाने पुन्हा एकदा थांबले. त्याच दिवशी सारी माहिती अधिक जागा असलेल्या संगणकावर हलविण्यात आली, आणि ३० ऑगस्टपासून टप्प्याटप्प्याने जुळणीचे पट्टे फिरू लागले.