शिक्षा ठरवण्याआधीची चौकशी

कॅनडात कुणाच्या बेकायदा कृत्याने माणूस मेला, पण खुनासाठी लागणारा इरादा सिद्ध झाला नाही, तर तो सदोष मनुष्यवध ठरतो. खुनाला जन्मठेप ठरलेलीच असते. इथे मात्र कमाल शिक्षा जन्मठेप, आणि बंदूक वापरलेली नसेल तर किमान शिक्षाच नाही. आरोपीने गुन्हा कबूल केला की सगळा भार न्यायाधीशावर येतो : किती वर्षे?

1996 साली फौजदारी संहितेत कलम 718.2 (ई) आले. तुरुंगाखेरीज दुसरी वाजवी शिक्षा शक्य आहे का हे पाहा, आणि आदिवासी गुन्हेगाराच्या परिस्थितीकडे विशेष लक्ष द्या, असे ते सांगते. त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये ग्लॅड्यू खटल्यात लावला. तो खटलाही सदोष मनुष्यवधाचाच. क्री जमातीच्या एका तरुणीने दारूच्या नशेत, भांडणात, जोडीदाराला सुरीने भोसकले होते. ती शहरात राहते, तेव्हा कलम लागू नाही, असे खालच्या कोर्टाला वाटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवले : आदिवासी माणूस शहरात गेला म्हणून त्याचा इतिहास मागे राहत नाही. तिची तीन वर्षांची शिक्षा मात्र कायम राहिली.

तेव्हापासून न्यायाधीशाला दोन गोष्टी पाहाव्याच लागतात. एक, हा माणूस कोर्टापर्यंत कोणत्या वाटेने आला. दोन, त्याच्या समाजाच्या रीतीत बसणारी कोणती शिक्षा किंवा उपचार उपलब्ध आहेत. त्यासाठी ‘ग्लॅड्यू अहवाल’ तयार होतो. लिहिणारा घरच्यांना, गावातल्या वडीलधाऱ्यांना भेटतो. आजीला लहानपणी घरातून उचलून निवासी शाळेत नेले होते का? (आदिवासी मुलांना त्यांच्या संस्कृतीपासून तोडण्यासाठी चालवलेल्या अशा शाळांतून दीड लाखाहून अधिक मुले गेली.) आई परक्या घरी वाढली का? घरात दारू, मारहाण कधीपासून? माझ्या मते सगळी मदार या अहवालावर आहे. तो वरवरचा झाला तर कलम कागदावरच राहते.

याला ‘वंशावरून सूट’ म्हणणारे चुकतात. शिक्षा गुन्ह्याच्या गांभीर्याला आणि गुन्हेगाराच्या दोषाला साजेशी हवी, हा नियम सर्वांना सारखाच आहे. अहवाल फक्त तो दोष नीट मोजायला मदत करतो. आजीच्या शाळेमुळेच नातवाने सुरी उचलली, असे सिद्ध करायची गरज नाही, हे 2012 च्या इपिली निकालाने स्पष्ट केले. पिढ्यान्‌पिढ्यांचे घाव असे धागा धरून दाखवता येत नाहीत. पण जीव गेलेला असतो. गुन्हा जितका हिंसक, तितकी आदिवासी आणि इतरांची शिक्षा एकमेकींच्या जवळ येण्याची शक्यता अधिक, हे ग्लॅड्यू निकालातच म्हटले आहे.

आणि मेलेली व्यक्तीही अनेकदा आदिवासीच असते. 2019 च्या दुरुस्तीने म्हणूनच बजावले, की आदिवासी स्त्रीसारख्या असुरक्षित व्यक्तीवर अत्याचार झाला असेल तर त्या कृत्याचा निषेध आणि जरब यांना प्राधान्य द्या. एकाच खटल्यात 1996 चे कलम आणि ही दुरुस्ती अशी दोन्ही समोर आली की न्यायाधीशाला एकही बाजूला ठेवता येत नाही.

ग्लॅड्यू निकालात न्यायालयाने नोंदवले होते : 1997 मध्ये आदिवासी लोक देशाच्या लोकसंख्येत सुमारे 3 टक्के, संघीय तुरुंगांत 12 टक्के. आज ते लोकसंख्येत सुमारे 5 टक्के आहेत, आणि त्या तुरुंगांत जवळपास एक तृतीयांश.