खापराला दर्शनी जागा हवी

खानदेशातल्या अमळनेरला जेवायचं कुठे, असं पाहुण्यानं विचारलं की उत्तर चटकन येतं: गावाबाहेरच्या ढाब्यावर, शेवभाजी. उत्तर चुकीचं नाही. भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला यांचा रस्सा, वर लाल तर्री आणि ताटलीत येताना त्यात पडणारी जाड तिखट शेव. शेव आधी टाकून ठेवली की तिचा लगदा होतो, म्हणून चांगला ढाबेवाला ती अगदी शेवटी घालतो. सोबत बाजरीची नाहीतर कळण्याची भाकरी. खानदेशानं हॉटेलच्या टेबलावर आणलेला हा एक पदार्थ आज पुण्या-मुंबईतही मिळतो.

पण खानदेशचं जेवण शेवभाजीपुरतं नाही. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला माळवा, तिकडे वऱ्हाड, खाली देश. या सगळ्यांच्या मधली ही तापीकाठची वाट. माळव्यातल्या बाटीची इथं बट्टी झाली. ती आधी उकडायची, मग कापून तळायची, आणि वरण व वांग्याच्या घोटलेल्या भाजीबरोबर पंगतीत वाढायची. हिवाळ्यात बामणोदकडची हिरवी, मोठी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, लाकडी बडजीत ठेचून भरीत होतं. जळगावच्या या भरीत वांग्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भरीत आता विकत मिळू लागलं आहे, ही आनंदाची गोष्ट.

मागे राहिले ते मांडे, म्हणजे खापरावरची पुरणपोळी. माझ्या मते खानदेशी हाताची खरी परीक्षा इथेच होते. गव्हाचं पीठ वस्त्रगाळ करून घ्यायचं, पाणी लावत लावत ते लोण्यासारखं मऊ होईपर्यंत तिंबायचं. दोन लहान पुऱ्या लाटून मध्ये हरभऱ्याच्या डाळीचं पुरण भरायचं, कडा दाबून घ्यायच्या. इथवर पोळपाट-लाटणं. पुढचं सगळं हातावर. बाई पोळी उचलते, या हातावरून त्या हातावर टाकते, मनगटावरून पार कोपरापर्यंत खेळवते; पोळी वाढत जाते आणि आतलं पुरणही तिच्याबरोबर सारखं पसरत जातं. एक जागा पातळ राहिली की पुरण तिथूनच फुटणार. मग एका झटक्यात ती चुलीवरच्या पालथ्या खापरावर. जाळ कमी-जास्त झाला तर मांडा कच्चा राहतो किंवा करपतो, म्हणून एकीचं लक्ष सतत चुलीत असतं. उतरवल्यावर गरम असतानाच घडी घालायची. गार झाला की मोडतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो आमरसाबरोबर, एरवी दूध-तूप नाहीतर झणझणीत रशीबरोबर.

गॅसच्या शेगडीवर हे नीट जमत नाही, म्हणून बहुतेक हॉटेलवाले या वाटेला जात नाहीत. मांडे करणाऱ्या बायका लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेतात, आदल्या दिवशी निरोप द्यावा लागतो. त्यांच्या दारावर पाटी नसते.

अशा घरगुती हाताला हॉटेलात जागा मिळू शकते. अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स हेही खानदेशासारखंच सरमिसळीचं शहर. तिथल्या क्रिओल स्वयंपाकातल्या गंबोत आफ्रिकेची भेंडी, फ्रेंच पद्धतीनं भाजलेलं पीठ आणि मूळच्या चोक्टॉ लोकांची ससाफ्रासच्या पानांची पूड एकत्र नांदते. तिथलं अँटवान्स हॉटेल १८४०पासून चालू आहे. पण मला महत्त्वाचं वाटतं ते १९४१मध्ये सुरू झालेलं डूकी चेस. सुरुवातीला तिथं सँडविच विकत. १९४६मध्ये लग्न होऊन चेस कुटुंबात आलेल्या लीआ चेस यांनी घरोघरीचा क्रिओल स्वयंपाक पांढऱ्या टेबलक्लॉथवर आणला. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीतले पुढारी त्याच हॉटेलात जेवत, बैठका घेत. २०१९मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांचं नाव शहराच्या नावाशी जोडलं गेलेलं होतं. घरातल्या सुनेच्या हाताला तिथं मान मिळाला, आणि नावही.

असं अमळनेरलाही होऊ शकतं. इथं धंद्याची सवय नवी नाही. प्रताप शेठजींची गिरणी इथली. १९४५मध्ये वनस्पती तूप करणारी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स इथंच निघाली, तीच पुढे विप्रो झाली. गिऱ्हाइकाचीही वानवा नाही. मंगळवारी मंगळग्रह मंदिरात गर्दी असते, वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. एवढी माणसं येतात आणि मांडा न खाता परत जातात, हे मला खरंच लागतं.

म्हणून हॉटेलवाल्यांना विनंती आहे: दर्शनी जागेत एक चूल मांडा, तिच्यावर खापर ठेवा, मांडे करणाऱ्या बाईला आचाऱ्याइतकी मजुरी द्या आणि पाटीवर तिचं नाव लिहा. आणि तुम्ही अमळनेरला येणार असाल तर आदल्या दिवशी मांड्यांची ऑर्डर द्या. रशी मात्र जास्तीची सांगा.