बॅराकुडाशी नजरानजर

‘फाइंडिंग निमो’ (२००३) आठवतोय ना? सुरुवातीलाच निमोच्या आईला संपवणारा तो मासा म्हणजे बॅराकुडा. त्यामुळे सिपादानला, ‘बॅराकुडा पॉइंट’ नावाच्याच जागी डाइव्ह करायचंय म्हटल्यावर मी जाम टरकले होते.

सिपादान हे मलेशियातल्या सबाहजवळचं चिमुकलं बेट. समुद्रतळापासून सुमारे ६०० मीटर सरळ वर आलेलं. बेटावरची रिसॉर्ट्स सरकारने २००४ अखेर हलवली. आता परमिट काढायचं, सेंपोर्ना किंवा माबुलहून बोटीने यायचं आणि दिवसाउजेडी परत.

बोटीतच डाइव्हमास्टरने माझ्या बोटाकडे पाहिलं. ‘रिंग, प्लीज.’ साखरपुड्यानंतर एकदाही न काढलेली अंगठी! पण कारण ऐकलं आणि गपचूप काढली. बॅराकुडा नजरेवर शिकार करतो. चमचमणारं काही दिसलं की त्याला तो चंदेरी मासा वाटू शकतो, विशेषतः गढूळ पाण्यात. माणसावर हल्ले तसे फारच कमी होतात, पण झालेल्यांमागे बऱ्याचदा हाच गैरसमज असतो.

खाली गेलो आणि डोक्यावर अंधारून आलं. शेकडो बॅराकुडा, गोल गोल फिरणारं एक चंदेरी वादळ! मी श्वास घ्यायचा विसरले (स्कूबात हे अजिबात करायचं नाही, बरं का). आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

पाहिलं ते नंतर, एकाने. ग्रेट बॅराकुडा. मोठा झाला की हा बहुतेकदा एकटाच फिरतो, दीड मीटरपर्यंत सहज वाढतो. पुढे आलेला खालचा जबडा, सुऱ्यांसारखे दात. हलत नव्हता, नुसता तरंगत होता. हीच त्याची पद्धत. दबा धरून थांबायचं आणि क्षणात झेप घ्यायची. मी सरकले की तोही सरकायचा. माझा हात आपोआप रिकाम्या बोटावर गेला. मिनिटभराने कंटाळून गेला बिचारा.

खरी भानगड पुढेच आहे. बॅराकुडाने माणसाला चावण्यापेक्षा माणसाने त्याला खाणं जास्त धोक्याचं! प्रवाळांवरच्या सूक्ष्म शैवालातलं विष छोट्या माशांतून मोठ्यांत साठत जातं आणि सगळ्यात वरच्या या शिकाऱ्यात भरपूर जमतं. आजाराचं नाव सिग्वाटेरा. उलट्या, जुलाब, ओठांना मुंग्या. काहींना तर बर्फाचा स्पर्शही चटका लागल्यासारखा वाटतो. वास नाही, चव नाही, आणि कितीही शिजवा, विष जात नाही. त्यावर उताराही नाही. माशी बसली नाही किंवा चांदीचं नाणं काळं पडलं तर मासा विषारी, असं काही ठिकाणी मानतात. त्यात तथ्य नाही. प्रवाळ भागातला मोठा बॅराकुडा खायचाच नाही, एवढाच उपाय.

बोटीत आल्यावर आधी अंगठी घातली. रात्री माबुलला जेवणात ग्रिल्ड फिश होता. कोणता, ते दोनदा विचारलं आणि मगच ताट पुढे ओढलं.