पाळी, गोळी आणि एक जुनी शंका

आपल्याकडे पाळीला नावे भरपूर. 'कावळा शिवला', 'बाहेरची झाली', 'अडचण आहे'. माहिती मात्र थोडी. त्यात गर्भनिरोधक गोळीचा विषय निघाला, की कुजबुजसुद्धा थांबते. मी बँकेत तीसेक वर्षे काढली. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले, की आम्हा बायकांत एक वाक्य हमखास ऐकू यायचे : "गोळ्या सुरू केल्यापासून अंगावरून कमी जातं गं. आत साठत तर नसेल?" या शंकेपायी काहींनी पाकीट अर्धवट टाकले आणि नको असताना दिवस गेले.

तर वाचकहो, आत साठत काहीही नाही. एरवी दर महिन्याला गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि गर्भ राहिला नाही की गळून पडते. नेहमीच्या गोळीतील दोन संप्रेरके स्त्रीबीज बाहेर पडू देत नाहीत आणि अस्तरही पातळच ठेवतात. जे मुळात साचलेच नाही, ते जाणार कुठून? म्हणून स्राव कमी, आणि बहुधा पोटदुखीही कमी.

'माला-डी'चे पाकीट पाहा. त्यात 28 गोळ्या असतात : 21 संप्रेरकांच्या, 7 लोहाच्या. लोहाच्या गोळ्यांच्या दिवसांत संप्रेरके थांबतात, म्हणून रक्तस्राव होतो. ही खरी पाळी नव्हेच. अमेरिकेत 1960 साली गर्भनिरोधक म्हणून गोळीला परवानगी मिळाली, तेव्हापासून हा खंड ठेवलेला आहे. बाईला नेहमीसारखे वाटावे, धीर यावा म्हणून. या सात दिवसांच्या खंडाने प्रकृतीला काही फायदा होत नाही, असे ब्रिटनमधील तज्ज्ञांच्या संस्थेने 2019 साली स्पष्टच सांगितले.

पहिले दोन-तीन महिने अधूनमधून डाग पडतात. घाबरून गोळी सोडू नये. बहुतेकींचे ते आपोआप थांबते. गोळी चुकली तरी डाग दिसतात. क्षयावरचे रिफाम्पिसिन चालू असेल, तर गोळीचा परिणाम कमी होतो, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. गोळ्या चुकल्या असतील आणि पाळीही आली नाही, तर तपासणी करून घ्यावी.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली 'सहेली' निराळी. तिच्यात ही संप्रेरके नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. तिने काहींची पाळी लांबते.

गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात त्या गोळ्या आणखी वेगळ्या. त्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. गर्भ टाळण्यासाठी त्यांवर विसंबू नये, आणि शेजारणीच्या सांगण्यावरून तर मुळीच घेऊ नयेत.

नेहमीची गोळीही सगळ्यांसाठी नाही. रक्तदाब, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास, डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी, पस्तिशीनंतर धूम्रपान, नुकतेच बाळंतपण, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर. आणि पाळीव्यतिरिक्तचे डाग तीन महिन्यांनंतरही थांबले नाहीत, किंवा फार रक्त जाऊ लागले, तर 'गोळीमुळेच असेल' म्हणून घरी बसू नये.

हे सारे बायकांनीच बायकांना सांगायचे, असे कुठे आहे? वाण्याची यादी नवरा वाचतो. पाकिटाच्या मागचा मजकूरही त्याने एकदा वाचावा.