विश्लेषण : माइक हातात आला की बोबडी का वळते? सभाधीटपणा कमावता येतो का?

गणेशोत्सवातले मंडळांचे कार्यक्रम, कॉलेजांचे फेस्टिव्हल, वर्षअखेरीस वसईत भरणारा कला-क्रीडा महोत्सव... वसई-विरारमध्ये स्टेजची उणीव नाही. स्टेजच्या कडेला उभे राहून घामेजलेले हात रुमालाला पुसणाऱ्यांचीही नाही. स्पर्धेत बक्षीस हुकले तर पुढच्या वर्षी पुन्हा नाव देता येते. पण हीच भीती नोकरीच्या मुलाखतीत, व्हायवात किंवा ऑफिसातल्या पहिल्या प्रेझेंटेशनमध्ये आडवी आली, तर तिची किंमत मोजावी लागते. उत्तर येत असते, तोंडातून निघत नाही. समोरचा मात्र ‘याला येत नाही’ अशी नोंद करून मोकळा होतो. ही भीती येते कुठून आणि तिच्यावर खरोखर काय चालते?

पोटात गोळा का येतो?

धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डला नावाचा भाग इशारा देतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनालिन रक्तात सुटते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळते, लाळ कमी होते. म्हणून पोटात गोळा, घशाला कोरड आणि हातांना कंप. शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीत असते. आपल्याला मात्र एका जागी उभे राहून ‘आदरणीय व्यासपीठ’ म्हणायचे असते.

समोर वाघ नसतो, माणसे असतात. मग धोका कसला? पारख होण्याचा. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये एक चाचणी मांडली. तीत माणसाला परीक्षकांसमोर ५ मिनिटे बोलायला लावतात आणि पुढची ५ मिनिटे तोंडी वजाबाकी करायला लावतात. परीक्षकांना चेहऱ्यावरची रेषही हलवू न देण्याची सूचना असते. बहुतेकांच्या शरीरात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक वाढते. प्रयोगशाळेत माणसावर ताण आणायचा असेल, तर आजही जगभर हीच चाचणी वापरली जाते. कॅम्पस मुलाखत दिलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखीचे वाटेल.

मुंबईत गांधीजींचे काय झाले होते?

या विषयातले सर्वात बोलके उदाहरण चर्चगेट लोकलच्या दुसऱ्या टोकाला घडले आहे. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन १८९१ मध्ये परतलेल्या गांधीजींना मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला मिळाला. फी होती ३० रुपये. उलटतपासणीसाठी ते उभे राहिले आणि डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, खटला दुसऱ्या वकिलाकडे द्यायला सांगितले आणि कोर्टातून निघून गेले. अशील जिंकला की हरला, हेही त्यांनी पाहिले नाही. ही हकिगत त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवली आहे.

पुढची घटना जास्त उपयोगाची आहे. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात त्यांनी तिथल्या भारतीयांसमोर व्यापारातील सचोटी या विषयावर भाषण केले. आयुष्यातले पहिले जाहीर भाषण म्हणून त्यांनी त्याचाच उल्लेख केला आहे. ते चांगले झाले. बैठक छोटी होती, विषय मनातला होता, तयारी झाली होती. भीती गेली, असे वाटावे. पण १८९६ मध्ये मुंबईत, सर फिरोजशहा मेहतांच्या उपस्थितीत भरलेल्या मोठ्या सभेत, छापील भाषण वाचताना ते पुन्हा थरथरू लागले. मेहता ‘मोठ्याने, आणखी मोठ्याने’ म्हणत धीर देत होते आणि आवाज आणखी खोल जात होता. अखेर केशवराव देशपांडे मदतीला आले, पण श्रोत्यांना वाच्छाच हवे होते. मग दिनशा वाच्छांनी भाषण वाचून दाखवले.

म्हणजे सभाधीटपणा एकदा आला की कायमचा, असे होत नाही. सभागृह बदलले, समोरची माणसे बदलली, की भीती पुन्हा हजर. त्याच गांधीजींनी ८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँक मैदानावर काय केले, हे सांगायला नको.

‘घाबरू नकोस’ सांगून काय होते?

फारसे काही नाही. फिरोजशहांच्या हेतूत खोट नव्हती. पण ‘मोठ्याने बोल’ म्हटल्यावर गांधीजींचे लक्ष विषयावरून स्वतःच्या आवाजावर गेले असणार. घरोघरी आई-वडील नेमके हेच करतात.

हार्वर्डमधील अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांचे २०१४ मधील संशोधन इथे कामाचे आहे. गाणे किंवा भाषण करण्याआधी काहींनी ‘मी शांत आहे’ असे म्हटले, काहींनी ‘मला उत्साह वाटतोय’ असे. दुसऱ्या गटाची कामगिरी सरस ठरली. कारण साधे आहे. धडधडणारे हृदय हुकमाने शांत होत नाही. पण भीती आणि उत्साह या दोन्हींत ते सारखेच धडधडते, त्यामुळे त्या धडधडीला नाव तेवढे बदलून देता येते.

दुसरी गोष्ट, आपली थरथर समोरच्याला आपल्याला वाटते तितकी दिसत नाही. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये काही वक्त्यांना भाषणापूर्वी एवढेच समजावून सांगितले. त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुमचे गुडघे दिसत नाहीत.

सराव केला की झाले?

आरशासमोरचा सराव अर्धाच सराव आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलेले निरीक्षण असे : प्रेक्षक समोर असले की अंगवळणी पडलेली गोष्ट अधिक चांगली होते आणि कच्ची गोष्ट अधिक बिघडते. म्हणून सुरुवातीची दोन-तीन वाक्ये झोपेतून उठवले तरी म्हणता यावीत इतकी पक्की हवीत. अख्खे भाषण पाठ करणे मात्र घातक. एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी तुटते. बाकीचे मुद्दे क्रमाने लक्षात ठेवावेत आणि उभे राहून, मोठ्याने, आधी दोन माणसांसमोर, मग पाच-सहा जणांसमोर बोलून पाहावे. सभागृह आधी पाहता आले, माइकसमोर एकदा उभे राहता आले, तर उत्तम. बोलण्याआधी श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यावा. त्याने ठोके थोडे खाली येतात.

असा सराव कसा घडतो, ते पाहायचे तर विरार लोकलमधल्या भजनी मंडळींकडे पाहावे. नवखा आधी टाळ धरतो, मग कोरसमध्ये आवाज मिसळतो, आणि एखाद्या दिवशी चाल त्यालाच उचलावी लागते. तोवर अख्ख्या डब्याची त्याला सवय झालेली असते.

बोलीचे ओझे

वसईत एक अडचण वेगळी आहे. घरात कादोडी, वाडवळी किंवा वारली बोलणाऱ्या मुलाला स्टेजवर प्रमाण मराठी आणि मुलाखतीत इंग्रजी बोलावे लागते. काय बोलायचे आणि कोणत्या शब्दांत, ही दोन कामे एकाच वेळी चालतात. त्यात कुणी हसेल ही धास्ती. अशा मुलांना ‘आत्मविश्वास कमी’ म्हणणे अन्यायाचे आहे. आधी घरच्या बोलीत मुद्दे बोलून पाहायचे आणि मग तेच दुसऱ्या भाषेत आणायचे, हा त्यावरचा साधा मार्ग. उच्चाराची ढब राहिली तरी बिघडत नाही. उस्मानाबादला जानेवारी २०२० मध्ये झालेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच होते.

गोळी घ्यावी का?

प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाब आणि हृदयविकारात दिले जाणारे औषध काही कलाकार कार्यक्रमापूर्वी घेतात. त्याने कंप आणि धडधड कमी होते, पण आठवत नसलेले आठवत नाही. दम्याच्या रुग्णांना ते धोकादायक ठरू शकते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, मित्राने सांगितले म्हणून ते घेऊ नये.

भीतीपोटी परीक्षा, मुलाखती किंवा वर्ग टाळणे महिनोन् महिने चालू असेल, तर तो बुजरेपणा नसून सोशल अँक्झायटी डिसऑर्डर असू शकतो. त्यावर समुपदेशन आणि उपचार आहेत. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून तो २४ तास सुरू असतो. तिथे मराठीतही बोलता येते.